गैरहजेरीचा दंड कोणी भरावा?

मुले शाळेत येत नाहीत, सबब त्यांच्या आईबापांस दंड करावा, ही मागणी काही आजची नव्हे. ती गावच्या पारावर ऐकू येते, मास्तरांच्या सभांतून ऐकू येते, आणि तालुक्याच्या कचेरीत पंख्याखाली बसलेल्या मंडळींच्या तोंडून तर फारच ठासून ऐकू येते. ‘कायद्याला दात नाहीत म्हणून लोक ऐकत नाहीत,’ असे ह्या मंडळींचे म्हणणे. कायद्याला दात असावेत हे आम्हासही कबूल आहे. पण ते दात कोणाच्या पोटरीत रुतावयाचे, ह्याचा विचार अगोदर झाला पाहिजे. नाहीतर चोर सोडून संन्याशास सुळी, हा जुनाच न्याय नव्या कागदावर छापून निघेल.

दंड मागणारे लोक छत्रपती शाहू महाराजांचे नाव पुढे करतात. महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि जो बाप आपल्या मुलास शाळेत धाडणार नाही त्यास दरमहा एक रुपया दंड ठेविला, ही गोष्ट खरी आहे. आम्हास तिचा अभिमानच वाटतो. नामदार गोखल्यांचे सक्तीचे बिल इंग्रज सरकारच्या कौन्सिलात १९१२ साली पडले होते. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी मात्र १८९३ साली अमरेलीस आरंभ करून १९०६ साली सबंध राज्यात सक्ती लागू केली होती. अमेरिकेसारख्या पुढारलेल्या मुलखात असा पहिला कायदा मॅसॅच्युसेट्स संस्थानाने १८५२ साली केला खरा, पण सर्वांत शेवटच्या मिसिसिपी संस्थानास तो करण्यास १९१८ साल उजाडले. म्हणजे आमचे कोल्हापूर मिसिसिपीच्या एक वर्ष पुढेच होते!

परंतु ज्यांस महाराजांचा दंडाचा रुपया आठवतो, त्यांस महाराजांची बोर्डिंगे का आठवत नाहीत? १९०१ सालापासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य गणलेले, अशा एकामागून एक सर्व जातींच्या मुलांकरिता त्यांनी राहण्याजेवण्याची सोय केली. फी माफ केली, खेड्यापाड्यांत शाळा काढण्याकरिता खजिन्याची थैली सोडली, आणि मग रयतेस म्हटले, ‘आता मूल धाडले नाहीस तर रुपया भर.’ आधी ताट वाढले, मग उठून का जातोस म्हणून विचारले. हल्लीच्या दंडवाल्यांस ताट वाढावयाचे नाही. त्यांस फक्त पावतीबुक पाहिजे.

दुसरेही एक अंतर आहे. महाराजांच्या काळी मुलाचे नावच पटावर नसे. नाव घालावयास बाप तयार नसे; शिकून काय मामलेदार होणार आहे, असे तो म्हणे. तेव्हा त्यास ढुसणी देणे भाग होते. आज खेड्यात सहा वर्षांचे मूल पटावर नाही असे क्वचित सापडते. नाव आहे, आधारचा नंबर आहे, सरकारी संगणकात नोंद आहे. नाही ते एवढेच की मूल बाकावर नाही. हा रोग निराळा आहे, आणि जुन्या रोगाचा काढा त्याला लागू पडेल असे समजणे वेडेपणाचे होईल.

आता प्रचलित कायदा काय म्हणतो ते पाहू. १९४७ सालच्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यात हजेरीचा हुकूम बापावर बजवावा, त्याने तो मोडल्यास दंड करावा, अशी तजवीज होती; आणि शाळेच्या वेळात मुलास कामास लावणाऱ्या मालकासही शिक्षा सांगितली होती. बापाच्या दंडाबद्दल लोक बोलतात. मालकाच्या शिक्षेचे कलम त्याच कायद्यात होते हे मात्र कोणी बोलत नाही. पुढे २००२ साली घटनेत दुरुस्ती होऊन शिक्षण हा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा मूलभूत हक्क झाला, व २००९ साली बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. ह्या कायद्यातील ‘सक्ती’ ह्या शब्दाचा अर्थ वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. आठव्या कलमात लिहिले आहे की सक्तीचे शिक्षण म्हणजे प्रत्येक मुलाचा प्रवेश, त्याची हजेरी व त्याचे शिक्षण पुरे होणे हे घडवून आणण्याचे सरकारवरील बंधन. सरकारवरील! नवव्या कलमाने हेच ओझे स्थानिक संस्थांच्या शिरावर दिले आहे, आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांस प्रवेश देण्याचे काम तेथे वेगळे नाव घेऊन सांगितले आहे. आईबापांचे कर्तव्य दहाव्या कलमात आहे, पण त्यास दंड जोडलेला नाही. दंडवाले ह्यास कायद्याची उणीव म्हणतात. आमच्या मते ही कायदा करणारांची समजूत होती, आणि ती बरोबर होती. उणीव आहे ती दुसरीकडेच: बंधन सरकारवर घातले, पण सरकारने ते मोडले तर काय, हे कोठेच लिहिले नाही.

आम्हा मास्तरांस ट्रेनिंग कॉलेजात हजेरीपट कसा लिहावा हे बारकाईने शिकविले गेले. खाडाखोड करू नये, बेरीज दोनदा ताळून पाहावी, महिनाअखेर सरासरी काढावी. पण रकान्यात गैरहजेरीची खूण का पडली, हे लिहिण्यास त्या पटावर बोटभरही जागा नाही. हल्ली पट संगणकात गेला; तेथेही संख्या आहे, कारण नाही.

आणि संख्या तरी कसली? आमच्या राज्यात शालाबाह्य मूल म्हणजे जे शाळेत दाखलच नाही, किंवा दाखल असूनही सलग एका महिन्याहून अधिक काळ गैरहजर आहे ते, अशी व्याख्या सर्वेक्षणाच्या हुकुमांतून आहे. आता हिशेब करा. पहिली ते पाचवीच्या शाळेस वर्षाचे निदान २०० दिवस भरले पाहिजेत असे कायदा सांगतो. एखादे मूल आठवड्याच्या सहा दिवसांपैकी फक्त बाजाराच्या दिवशी घरी राहते. बाप पाट्या टाकतो, पोर तागडी धरते. वर्षाकाठी त्याचे सुमारे ३३ दिवस बुडाले. ज्याची आई शेतमजुरीस जाते आणि आठवड्यातून दोन दिवस तान्ह्या भावंडास सांभाळण्यास जी मुलगी घरी राहते, तिचे ६६ दिवस बुडाले. पण ह्यांपैकी एकाही मुलाची गैरहजेरी सलग महिन्याची नाही. म्हणून सरकारच्या लेखी ही दोन्ही मुले सुखरूप शाळेत आहेत! पाचवीत गेल्यावर त्या मुलीस भागाकार येत नाही, तेव्हा ती ‘मठ्ठ’ ठरते. तिची मती मठ्ठ नाही. भागाकार शिकविला त्या दिवशी ती पाळण्याची दोरी ओढीत होती.

अमेरिकेतील बहुतेक संस्थानांनी ह्या बाबतीत साधी रीत धरली आहे. कारण कोणतेही असो, शाळेचे दहावा हिस्सा दिवस ज्याचे बुडाले ते मूल जुन्या दुखण्याचे, असे ते मानतात. सलग असोत वा सुटे असोत. आमच्या २०० दिवसांवर हे वीस दिवस होतील. ही एवढी व्याख्या आमच्या राज्याने आपल्या नियमांत घातली, तरी आज जी मुले कोणासच दिसत नाहीत ती दिसू लागतील. अर्थात ती दिसू नयेत अशीच सोय कित्येकांस हवी आहे. मास्तरांच्या जागा पटावर मंजूर होतात. पट घसरला की मास्तर ‘जास्तीचा’ ठरून दुसऱ्या तालुक्यात जातो. मग कित्येक ठिकाणी पटावर गर्दी व वर्गात शुकशुकाट असतो. २०११ सालच्या ऑक्टोबरात सरकारने राज्यभर एकदम पटपडताळणी केली तेव्हा लाखो मुले कागदावरच आढळली होती. त्यांतली पुष्कळशी नावे निव्वळ खोटी होती हे खरे. पण उरलेली मुले हाडामांसाची होती, आणि ती त्या दिवशी कोठे होती हे कोणी विचारले नाही.

ती कोठे असतात, हे खेड्यातील कोणताही मास्तर सांगेल. कापसाच्या मुलखात दिवाळीच्या मागेपुढे ती वेचणीस असतात, कारण वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि लहान बोटांनी वेचलेला कापूसही काट्यावर तितकाच भरतो. कांद्याच्या मुलखात रोप लावण्यास असतात. मेंढपाळाची मुले वाड्यामागून चार-चार जिल्हे हिंडतात. आणि बीड, अहिल्यानगर ह्या बाजूच्या गावांतून दसरा झाला की टोळ्याच्या टोळ्या ऊस तोडण्यास निघतात, त्यांच्याबरोबर मुले जातात. जोतिराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले, त्यात निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. पण त्याच निवेदनात कुणब्याचे पोर शाळेत का येत नाही हेही सांगून ठेविले: अतोनात दारिद्र्य, आणि गुरे वळावयास व शेत राखावयास घरात दुसरे कोणी नाही. सक्ती मागणारा तो पुरुष रयतेस आळशी म्हणाला नाही. सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. गुरांच्या जागी कोयता आला, एवढाच काय तो फरक.

ऊसतोडीचा प्रकार थोडा विस्ताराने सांगतो, कारण शहरच्या वाचकांस त्याची कल्पना नसते. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो. ती उचल एका माणसावर नव्हे, तर ‘कोयत्यावर’ म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर असते. दोघे गेले की घरात राहिले कोण? म्हातारा-म्हातारी धड असली तर मुले त्यांजपाशी राहतात; नसली तर बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या डब्यात बसतात. पहाटे अंधारात फडावर जावे लागते. दहा-अकरा वर्षांची मुलगी कोपीवर राहून भाकरी थापते, लहानग्यास सांभाळते. मुलगा वाढे गोळा करतो, मोळ्या बांधू लागतो. पाडव्याच्या सुमारास टोळी गावी परतते. तोवर शाळेचे दुसरे सत्र संपलेले असते. असे दरसाल. सहावी-सातवीपर्यंत त्या मुलाने शाळेचा उन्हाळा कसा असतो हे पाहिलेलेच नसते.

ह्यावर सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे होईल. जाणाऱ्या मुलास शिक्षण हमी पत्रक देतात. ते दाखविले की फडाजवळच्या शाळेने त्यास बसवून घ्यावे. पण फड आठवड्या-पंधरवड्यास हलतो, कोप्या गावाबाहेर असतात, आणि टोळी बेळगावाकडे गेली तर शाळा कानडी! गावीच राहणाऱ्या मुलांकरिता हंगामी वसतिगृहे आहेत, ती चांगली योजना आहे. पण टोळ्या दसऱ्यास हलतात आणि वसतिगृहाची मंजुरी कित्येक वर्षी त्यांच्या गाड्यांची धूळ बसल्यावर येते. तोवर मूल गेलेले असते. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांकरिता संत भगवानबाबांच्या नावाने सरकारी वसतिगृहे काढण्याचे ठरले. त्यांपैकी बरीचशी भाड्याच्या इमारतींत चालू झाली. हे सर्व उपकार म्हणून चालले आहे. हुकूम निघाला तर निघाला, पैसा आला तर आला. उपकार थांबला म्हणून कोणी जाब देत नाही. कायद्याने हाच फरक पडला पाहिजे.

अशा बापास आता दंड करावयाचा आहे. तो भरणार कोठून? मुकादमाकडून आणखी उचल घेऊन! मग ती फेडण्यास पुढील साली आणखी एक हात लागणार, तो त्याच मुलाचा. वाचकहो, गैरहजेरी बंद करण्याचा हा उपाय की वाढविण्याचा?

अमेरिकेने हा प्रयोग करून पाहिला आहे. कॅलिफोर्निया संस्थानाने २०१० साली कायदा करून, वारंवार दांडी मारणाऱ्या मुलाच्या आईबापांस दोन हजार डॉलरपर्यंत दंड व एक वर्षापर्यंत कैद सांगितली. पेन्सिल्व्हेनियात २०१४ साली, मुलांच्या गैरहजेरीचे दंड थकले म्हणून कैदेत गेलेली एक गरीब आई कैदेतच मेली. तेथील कायदेमंडळास शरम वाटून २०१६ साली त्यांनी कायदा सौम्य केला. टेक्सासने २०१५ साली गैरहजेरी हा फौजदारी गुन्हा मानणे सोडले. आणि न्यू जर्सीने २०१८ साली निराळीच वाट धरली: ज्या शाळेत शेकडा दहा वा अधिक मुले अशी जुनाट गैरहजर आढळतील, त्या शाळेने आईबापांस विचारून कारणे शोधावी व सुधारणेचा आराखडा करावा. प्रश्न बापास नव्हे, शाळेस व तिच्या चालकांस! जोतिरावांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ ज्या देशाच्या लोकांस अर्पण केली, त्यांच्यापासून एवढे शिकण्यास हरकत नसावी. ते चुकले तेथे आपण पुन्हा चुकण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल, दारू पिऊन पडणारे, पोरास मुद्दाम कामास जुंपणारे बाप नाहीत काय? आहेत. आम्ही त्यांस ओळखतो. परंतु दारुड्याचा दंड त्याची बायको खुरपून भरते, हेही आम्ही जाणतो. अशा एखाद्या घराकरिता ग्रामसभा आहे, भावकी आहे, मास्तराचे पायही आहेत. एका दारुड्याकरिता शंभर कष्टाळू घरांवर पावतीबुक फिरविणे हा न्याय नव्हे.

मुले कशाने येतात हेही आम्ही पाहिले आहे. सुप्रीम कोर्टाने २००१ सालच्या नोव्हेंबरात शाळेतून शिजविलेले अन्न देण्याचा हुकूम केला. त्या खिचडीच्या पातेल्याने जेवढी मुले बाकावर आणली तेवढी कोणत्या नोटिशीने आणली? उलट, आमच्या सरकारने १९९२ साली गरीब व मागास जातींतील मुलींस रोजच्या हजेरीबद्दल एक रुपया भत्ता सुरू केला, आणि पुढे तीस वर्षे तो रुपया रुपयाच राहिला. १९१७ साली शाहू महाराजांचा रुपया दंड म्हणूनही जड होता. १९९२ चा रुपया आज बक्षीस म्हणूनही कोणी वाकून उचलणार नाही. मुले न येण्याची व्यवस्थाही सरकारनेच कोठे कोठे केली आहे. राज्याच्या नियमाप्रमाणे चौथी-पाचवीपर्यंतची शाळा एका किलोमीटरात हवी. परंतु २०१७ साली दहाहून कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून मुलांस दुसरीकडे जोडण्याचा हुकूम निघाला. ओढा ओलांडून आठ वर्षांची मुलगी जात नाही, तेव्हा दंड तिच्या बापास करावा की ज्याने शाळेस कुलूप लाविले त्यास?

म्हणून आमचे म्हणणे असे की राज्याने कायदा अवश्य करावा, पण त्याची दोरी योग्य खुंटीस बांधावी. दहावा हिस्सा दिवस बुडालेल्या प्रत्येक मुलाचे नाव कारणासह दर महिन्यास पंचायत समितीकडे जावे, व त्या कारणावर काय केले ह्याचे लेखी उत्तर ठराविक मुदतीत ग्रामसभेपुढे यावे. न आले तर अधिकाऱ्याच्या पगाराशी त्याचा संबंध असावा. मास्तरास कारणे शोधावयास वेळ मिळावा, म्हणजे सत्तावीसाव्या कलमाने जी बिनशिक्षणाची कामे मना केली आहेत ती खरोखर मना व्हावी. शाळेचे वार्षिक वेळापत्रक ठरविण्याचा अधिकार नवव्या कलमाने स्थानिक संस्थेस दिलेलाच आहे. मग कापसाच्या तालुक्यात सुटी वेचणीच्या दिवसांत का नसावी? मे महिन्यात रान मोकळे असते तेव्हा शाळा बंद, आणि रानात हात हवे तेव्हा शाळा चालू, हे वेळापत्रक कोणा शेतकऱ्याने केलेले नाही खास.

आणि मुख्य गोष्ट कारखान्याची. साखर कारखान्यास दरसाल गाळपाचा परवाना साखर आयुक्तांकडून घ्यावा लागतो. त्याशिवाय बॉयलर पेटवून उपयोग नाही. शेतकऱ्याची बिले थकविली तर हा परवाना अडवून धरता येतो. ऊसतोड कामगारांच्या महामंडळाकरिता टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घेण्याचे सरकारने ठरविले, म्हणजे सरकारचा हात तेथपर्यंत पोचतो हे सिद्धच आहे. मग परवान्याच्या अर्जास एक कागद जोडण्याची सक्ती का नसावी? कोणत्या गावची किती मुले टोळ्यांबरोबर येणार, त्यांची शाळा व जेवण कोठे, आणि गावी राहणारांच्या वसतिगृहास कारखान्याचा वाटा किती, हे त्यात लिहावे. हंगामात फडावर शाळेच्या वेळी मोळी उचलणारे मूल आढळले तर दंड मुकादमास नव्हे, कारखान्यास. मुकादम तो दंड पुन्हा कोयत्यावरच चढवील.

ही सूचना ऐकून कपाळास आठ्या कोणाच्या पडतील? कारखान्यांचे चेअरमन आज कोण आहेत ते पाहा. तेथे शेटजी-भटजी बसलेले नाहीत. फुले-शाहूंच्या तसबिरीस हार घालणारे, भाषणाचा आरंभ त्यांच्या नावाने करणारे, आमच्याच जातभाईंपैकी पुष्कळ तेथे आहेत. त्यांची स्वतःची मुले इंग्रजी शाळांतून वातानुकूल गाड्यांनी जातात, ह्याचे आम्हास वाईट वाटत नाही; जावोत. पण ज्या उसावर ती गाडी चालते त्या उसाची मोळी सातवीतल्या पोराच्या डोकीवर आहे, हे त्यांस त्यांच्याच भाषेत सांगणारे कोणी असावे, म्हणून हे लिहिले.

टोळ्या निघण्यास दसऱ्याचा मुहूर्त असतो, आणि २ ऑक्टोबरची ग्रामसभा बहुधा त्याच्या मागेपुढे येते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालकच असतात. त्यांनी यंदा टोळीबरोबर जाणाऱ्या मुलांची यादी, मुकादम व कारखान्याच्या नावासह, त्या सभेपुढे ठेवावी, ठराव करावा, आणि त्याच्या नकला गटशिक्षणाधिकारी व साखर आयुक्त ह्या दोघांस स्पीड पोस्टाने धाडाव्या. पोचपावती जपून ठेवावी.

— एक खेडवळ शिक्षक